वन्संची भीती

वन्सं,

तुम्ही गेल्यापासून दारात येणारं प्रत्येक माणूस एकच बोलून जातं. "म्हातारी लय धीराची व्हती." तात्यांची सून बोलली, शेजारची पारू बोलली, कामशेतच्या बाजारात जिच्याकडून आपण मीठ-मिरची घेतो ती बाईसुद्धा बोलली. मी मान हलवते. परवा तेराव्याला तर मला हसू फुटलं आणि पदर तोंडाला लावावा लागला. बायकांना वाटलं, मी रडतेय.

तुम्ही आणि धीराच्या! तुमच्याइतकं भित्रं माणूस मी माझ्या जन्मात पाहिलं नाही. वीज कडाडली की तुम्ही गोधडीत शिरायचात आणि आतून ओरडायचात, "शालन, दार लाव, दार लाव." दार लावलेलंच असायचं. मोकळा बैल दिसला की बांध सोडून चिखलातून जायचात. ओढ्याला घोटाभर पाणी असलं तरी पलीकडे जायला माझा हात लागायचा. कामशेत स्टेशनात इंजिनानं वाफ सोडली तेव्हा माझ्या दंडाला नखं रुतवली होतीत. भाऊ रेल्वेत कामाला, आणि बहिणीला आगगाडीची भीती. हे त्यावरून तुम्हाला किती चिडवायचे.

आता हे मी कुणाला सांगू? ज्यांच्याबरोबर हसले असते ती दोन्ही माणसं नाहीत.

मी लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, सातवी पास. लग्न होऊन आंदर मावळात आले तेव्हा एसटी कामशेतला सोडायची, पुढे सगळं पायी. हे लोणावळ्याला रेल्वेत खलाशी, सुट्टी मिळेल तेव्हा घरी. मूलबाळ झालं नाही. घरात आपण दोघीच. तुम्ही माझ्याहून पुष्कळ मोठ्या, लहानपणी लग्न झालेल्या आणि लहानपणीच कपाळ पुसून माहेरी आलेल्या. पहिल्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "तुला अंधाराचं भ्या वाटतं का गं?" मी नाही म्हटलं. "मग बरं झालं," म्हणालात, "मला लय वाटतं."

गावाच्या वेशीबाहेर, ओढ्याच्या अंगाला, करंजाखाली मरीआई. पटकी तिच्या कोपानं येते असं सगळा मुलूख मानायचा. ज्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या तिची सेवा होती त्यांनी नवा धर्म घेतला आणि ते काम सोडलं. योग्य केलं, असं मी तेव्हाही म्हणायचे. मग ते देऊळ, म्हणजे चार दगड आणि वर कौलं, ओस पडलं. गावाला तिची भीती होती, पण तिथं झाडू मारायला जायचं म्हटलं की सगळ्यांना कमीपणा वाटायचा. एका मंगळवारी तुम्ही झाडू घेऊन गेलात. लोक नाही नाही ते बोलले. तुम्ही लोकांनाही भ्यायचात, पण त्यानंतर मंगळवार कधी चुकवला नाहीत.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचे, "वन्सं, तुम्ही तिला भिऊन जाता."

"भ्यायचं न्हाई तर काय करायचं? आई हाय ती."

"आईला कुणी इतकं भितं का?"

"तुजी आई लोनावळ्याची. तिला भ्यायचं कारन न्हाई."

साथीच्या वर्षी ह्यांनी सुट्टीला येताना बातमी आणली. पटकीची साथ सुरू झालीय, समुद्रापलीकडच्या मुलखांतून आलीय, देशभर पसरतेय. स्टेशनात पाटी लावलीय, कॉलरा आहे, पाणी उकळून प्या म्हणून. आपल्याला ते सगळं फार लांबचं वाटलं. मग भाताच्या लावणीत, कामशेतच्या बाजाराहून आलेला एक जण ढाळ-वांत्यांनी आडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. मग त्याच्या शेजारच्या घरी. मग ओढ्याकडच्या आळीत. माणसं खाचरात वाकलेली असायची, मधूनच एक जण रोपं टाकून बांधाआड जायचा, आणि बाकीचे सगळे पाठ ताठ करून त्याच्या वाटेकडे बघत राहायचे. तो परत येईपर्यंत कुणाचा हात चालायचा नाही. कुणी कुणाच्या दारात जाईना. नदी फुगलेली, कामशेतची वाट बंद. डॉक्टर आणायचा तरी कसा?

मी म्हटलं, पाणी उकळू या. तुम्ही म्हणालात, "पान्यात काय हाय? पानी बी तिचंच."

"तिचंच असू द्या, पण उकळू या."

त्यावरून आपण कडाडून भांडलो. मी घरोघर सांगत फिरले. बायका ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "व्हय बाई, तू शिकलेली." ओल्या लाकडांवर भाकरी होता होत नव्हती, पाणी कोण उकळणार?

आणि दुसऱ्याच दिवशी बघते तर तुम्ही मरीआईच्या देवळात चूल मांडलेली, तिच्यावर हंडा. "पावसानं काकडली आसंल," म्हणालात. "तिला ऊन पान्यानं न्हाऊ घालते." तिला दोन तांबे घातलेत आणि हंड्यात उरलेलं पाणी निववून बायकांना वाटायला लागलात. "आईच्या चुलीवरचं हाय. घरच्यांला ह्येच पाजा, दुसरं नगं." माझ्या सांगण्यानं जी बाई हलली नव्हती ती तुमच्याकडे कळशी घेऊन आली. सगळं गाव आलं असं नाही. पण बऱ्याच आल्या.

वन्सं, हे तुम्ही माझं ऐकून केलंत की तिला खरंच थंडी वाजत असेल म्हणून? पुढे मी कितीदा विचारलं. "पानी ऊन झालं का न्हाई? मग झालं तर." याच्यापुढे तुम्ही कधी गेला नाहीत.

तरी मरणं थांबली नाहीत. मग गावानं गाडा काढायचं ठरवलं. लाकडाचा छोटा गाडा करायचा, त्यात मरीआईला बसवायचं, लिंबू-नारळ, खण, हिरव्या बांगड्या ठेवायच्या आणि वाजतगाजत शिवेपलीकडे सोडून यायचा. गाड्याबरोबर साथ जाते. ज्यांच्या हद्दीत गाडा येईल त्यांनी तो पुढच्यांच्या हद्दीत ढकलायचा. आपली शीव संपली की ओढा, आणि ओढ्यापलीकडे वर चढावर ठाकरवाडी. ठाकरवाडीच्या मागे नुसता डोंगर. त्यांनी तो कुणाकडे ढकलायचा, हे कुणी विचारलं नाही.

चावडीत सगळे जमले. गावात तात्यांचा शब्द चालायचा. ते तुम्हाला म्हणाले, "सेवा तू करतीस, तवा आईला गाड्यात तूच बसवायची. उद्या दिस मावळायच्या आत." तात्या वाईट माणूस नव्हते. त्यांची धाकटी मुलगी आदल्याच दिवशी गेली होती आणि घरात अजून दोन आडवी होती. तुम्ही पदराचं टोक चावत खाली बघत बसलात. 'व्हय' म्हणाला नाहीत, 'न्हाई' पण म्हणाला नाहीत.

घरी आल्यावर मी संतापले. वाडीवर लेकरं नाहीत का, ती कुणाची कोण, आपलं मरण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं, हीच का तुमची भक्ती? तुम्ही नुसतं एवढंच म्हणालात, "मला भ्या वाटतंय. गप बस."

दुसऱ्या दिवशी मी लवकरच खाचरात गेले. दुपारी करंजाखालून धूर येताना दिसला, नेहमीपेक्षा जास्त. मी हातातली रोपं टाकून पळाले. तुम्ही गुडघे टेकून बसला होतात आणि कोयत्यानं गाड्याचं चाक फोडत होतात. अर्धा गाडा चुलीत गेला होता. सुतारानं वाळक्या सागाचा करून देवळापाशी ठेवलेला, चांगला पेटला होता. खण आणि बांगड्या तुम्ही देवीच्या पायाशी नीट मांडून ठेवल्या होत्या. हंड्यात पाणी खदखदत होतं.

तेवढ्यात हलगी वाजवत माणसं आली आणि हलगी बंद पडली. तात्यांच्या हातात नारळ होता.

"काय केलंस गं ह्ये?"

"जळान न्हवतं," तुम्ही म्हणालात.

"आईचा गाडा जाळलास?"

"गाडा जाळला. आई हितंच हाय. तिला वाडीवर जायाचं न्हाई."

"तुला सांगितलं तिनं?"

तुम्ही चाकाचा एक तुकडा चुलीत सारलात. पाऊस कौलांवर वाजत होता. मग म्हणालात, "न्हाई. सांगितलं न्हाई. पर तितली पोरं काय तिची न्हाईत व्हय?"

कुणी पुढे झालं नाही. देवीच्या चुलीला किंवा तुम्हाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. तात्यांनी नारळ तिथंच ठेवला. "आता जे व्हईल ते तुज्या माथी," म्हणाले आणि घरी फिरले. त्या घरी काय वाढून ठेवलं होतं ते त्यांनाच माहीत होतं.

आपण घरी आलो आणि तुमचे दात वाजायला लागले. मी दोन गोधड्या घातल्या, तरी तुम्ही थरथरतच होतात.

"शालन, माजं काय खरं न्हाई. ती मला सोडायची न्हाई."

"मग केलंत कशाला?"

"आता केलं."

"एवढा विश्वास आहे ना तिच्यावर? मग भीती कसली?"

"इस्वास हाय म्हनूनच भ्या वाटतंय. तुज्यासारकं न्हाई मला, की वर कुनीच न्हाई."

मला तोवर वाटायचं, देव मानला की माणसाची भीती जाते, त्यासाठीच तर लोक देव धरतात. तुमची भीती कुठंच गेली नव्हती. ती होतीच, आणि तुम्ही जे करायचं ते केलं होतंत.

दोन-तीन दिवस तुम्ही आजाऱ्यांच्या घरी पाणी पोचवलंत, त्यांचे कपडे धुतलेत. आणि मग तुम्हीच आडव्या झालात.

लोक दारापर्यंत यायचे, आत यायचे नाहीत. "कसं हाय?" विचारायचे. त्यांना तुमची काळजी होती हे खरं, आणि तुम्ही मरता का हेही त्यांना बघायचं होतं. तुम्ही गेला असतात तर दुसरा गाडा निघाला असता. मला ते कळत होतं. मीठ घातलेली तांदळाची पेज मी चमच्या-चमच्यानं तुमच्या तोंडात घालत होते आणि मनात म्हणत होते, वन्सं, मरू नका, आत्ता मुळीच मरू नका.

निरोप कुणी कसा पोचवला कोण जाणे, पण हे आले. कामशेतहून चालत आले, फुगलेल्या नदीतून दोर धरून आले. आम्ही आळीपाळीनं तुमच्याजवळ बसलो. तुम्ही जरा डोळे उघडलेत तेव्हा हे म्हणाले, "आक्का, इंजिनाला भ्येतीस, आन् मरीआईचा गाडा जाळलास व्हय?" तुम्ही डोळे मिटून हसलात. ओठ सुकून फाटलेले होते, तरी हसलात. तुम्ही दोघं भावंडं एकत्र हसलेली मी शेवटची पाहिली ती तेव्हा.

तुम्ही उठून बसायला लागलात आणि हे आडवे झाले. नदी उतरून डॉक्टर आणि लस टोचणारी माणसं येईपर्यंत ते गेले होते.

माझ्या बांगड्या फोडायला बायका आल्या. तुम्हाला धड उभं राहता येत नव्हतं. भिंत धरून तुम्ही दारात आलात आणि आडव्या उभ्या राहिलात. "माज्या फोडल्या तेवड्या पुऱ्या," म्हणालात. "हिच्या ऱ्हाऊ द्या." बायका कुजबुजल्या आणि गेल्या. ह्यांनी लोणावळ्याहून आणलेल्या त्या काचेच्या बांगड्या पुढे कामात एकेक करून आपोआप फुटल्या. मला ते फार बरं वाटलं, वन्सं. ओरबाडून काढल्या गेल्या नाहीत. माझा भाऊ मला न्यायला आला तेव्हा मी गेले नाही त्याचं एक कारण हेही होतं. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आणखी एक सांगायचं राहिलंय. आईनं बहिणीच्या बदली भावाला नेलं, असं गाव बोललं. तुम्ही ते ऐकलंत आणि मानलंत. नंतर कितीदा तरी चूल फुंकता फुंकता तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि मला कळायचं तुम्हाला काय विचारायचंय. तुम्ही विचारलं नाहीत. मी विषय काढायला जायचे तर तुम्ही उठून गोठ्यात जायचात. आता तुम्हाला उठून जाता येत नाही, म्हणून सांगते. माझ्या मनात तसं कधीच आलं नाही. बहीण आजारी होती म्हणून ते आले. मी वाटेत आडवी पडले असते तरी आले असते. यात देवीचा हात नव्हता आणि तुमचाही नव्हता. एका चुलीवर इतकी वर्षं जेवलो आपण, आणि हे एवढंसं बोलणं झालं नाही.

पुढे दरवर्षी टोचणारे यायला लागले. विहिरीत पांढरी पावडर पडायला लागली. पटकी तशी पुन्हा आली नाही. मरीआईच्या नावानं कोंबडं नाही, नारळ नाही. भीती सरली तशी माणसंही सरली. वाटेवर गवत वाढलं. तुम्ही मात्र मंगळवारी जातच होतात. मला बालवाडीचं काम लागलं होतं. एकदा शाळेतून येताना तुम्ही झाडू घेऊन निघालेल्या दिसलात आणि माझा तोल गेला.

"हिनं तुमचा भाऊ नेला असं तुम्हीच मानता ना? मग हिला कुंकू कशाला लावता?"

तुम्ही रागावला नाहीत. "आता कोन बी येत न्हाई तिच्याकडं," म्हणालात. "एकलीच बसलेली असती दीसभर. एकलं बसनं कसं असतं ते मला ठावं हाय."

तिथं कुणी बसलेलं आहे की नाही, हे भांडण तसंच राहिलं. मी अजून माझ्याच बाजूची आहे. पण मंगळवार आला की मला करमत नाही, एवढं कबूल करते.

शेवटच्या दुखण्यात तुम्हाला कशाचीच भीती वाटेनाशी झाली, आणि त्याचीच मला भीती वाटली. वळवाची वीज कडाडली तेव्हा तुम्ही छताकडे बघत शांत पडून होतात. मीच उठून दार लावलं.

आता बालवाडी सुटली की मी घरी येते आणि कुलूप काढते. आपल्या घराला कधी कुलूप लागत नव्हतं, कुणीतरी असायचंच. घरात सापडेना म्हणून कामशेतहून नवं आणलं. त्याची किल्ली अडकते. अंगणात उभं राहून ती फिरवत बसायचं, आणि मग आत यायचं. आत आल्यावर बोलायचं काहीच नसतं. पातेलं ठेवलं तरी त्याचा आवाज घरभर होतो. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी मी उगाच पारूच्या ओट्यावर जाऊन बसते. मला कधी अंधाराची भीती नव्हती, वन्सं. तुम्ही होतात तेव्हा नव्हती.

काल वाडीवरची चांगुणा आली. डोक्यावर करवंदांची पाटी. "आमाला उशिरानं कळलं बाई," म्हणाली आणि पडवीत टेकली. मी पाणी दिलं. करवंदं निवडता निवडता ती त्या आषाढातलं बोलायला लागली. मला वाटलं, तीही आता तुम्हाला धीराची म्हणणार.

"तुमच्या गावात गाडा करत्यात ह्ये आमाला कळलं व्हतं," ती म्हणाली. "आमी बोचकी बांदली व्हती. पोरं, शेरडं घिऊन वर रानात जायाचं, भर पावसात. माजी थोरली तवा तान्ही व्हती. गाडा यायचा त्या दिशी सकाळच्या पारी ही वर आली. एकली. गुडघ्यापतुर चिखुल, लुगडं ओलंचिंब, हातपाय कापत्यात. म्हनली, जाऊ नगा, गाडा येनार न्हाई. आमी म्हनलं, तुजं आयकंल का गाव? म्हनली, मी येऊ द्यायची न्हाई. आन् ढसाढसा रडाया लागली. आमीच तिला धीर दिला, चुलीपाशी बसवली, आन् मग हात धरून ओढ्याच्या अल्याड सोडली. तुमाला ठावं न्हवतं?"

मी नाही म्हटलं.

म्हणजे मी खाचरात होते तेव्हा तुम्ही तो ओढा ओलांडला होतात. म्हणजे दुपारी कोयता हातात घ्यायच्या आधीच सगळं ठरलं होतं. आणि मी इतकी वर्षं समजत होते की त्या दिवशी सुकं लाकूड मिळेना, डोकं चालेना, आणि घाबऱ्याघाबऱ्या तुमच्या हातून ते होऊन गेलं. तुम्हीच तसं सांगत आलात. कुणीही विचारो, तात्या विचारोत, डॉक्टर विचारो, मी विचारो, "जळान न्हवतं."

चांगुणा जेवून उन्हं कलल्यावर वाडीच्या वाटेला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी अंगणात उभी होते. आणि मग मला तुमचा राग आला. भरल्या ओढ्यातून एकटी गेलात! मला एक हाक मारता आली नाही? मी आले नसते का? रोपं काय पळून जाणार होती? एवढी मोठी गोष्ट वाडीवरच्या सगळ्यांना ठाऊक आणि घरातल्या माणसाला नाही? आज तुम्हाला चांगलंच सुनवायचं असं ठरवून मी तशीच तणतणत घरात शिरले. पडवी ओलांडली, माजघर ओलांडलं, "वन्सं, एवढं सगळं करून तुम्ही मला" असं म्हणत स्वयंपाकघराच्या दारात आले, आणि पुढचं वाक्य कुणाला बोलायचं तेच मला कळेना.